खोटं ओळखायला शिकवणारा खेळ: गुण कशाचे देता, तिथंच सगळं ठरतं

पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की जळगाव जिल्ह्यातल्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. एक प्रशासनाचा असतो: इतके दरवाजे इतके मीटर उघडले, तापीकाठच्या गावांनी सावध राहावं, नदीपात्रात उतरू नये. दुसरा असतो व्हिडिओ. फेसाळतं पाणी, धडकी भरवणारा आवाज आणि खाली लिहिलेलं, 'आत्ताची बातमी, सगळ्यांना पाठवा'. पुष्कळदा हा व्हिडिओ मागच्या कुठल्या तरी वर्षाचा निघतो. त्यातलं पाणी खरं, धरण खरं, ४१ दरवाजेही खरे. खोटी असते ती तारीख.

तापीकाठच्या गावातल्या सातवीच्या मुलीला हे दोन्ही मेसेज एकाच संध्याकाळी आले, तर तिनं दुसरा थांबवायला हवा आणि पहिला आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवायला हवा. माध्यम साक्षरता म्हणजे ही दोन्ही कामं. 'फेक न्यूजपासून सावध राहा' असं सांगणारे कार्यक्रम बहुतेक खोटं थांबवण्याच्या कामापाशीच थांबतात. खेळाच्या मदतीनं शिकवतानाही हीच चूक सहज होते. ती कशी होते आणि कशी टाळायची, हे या लेखात मुख्यतः सांगायचं आहे.

खान्देशात हा विषय पुस्तकी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथं, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या अफवांमध्ये एक व्हिडिओ होता: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि गल्लीतलं मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. नवं काहीच बनवावं लागलं नाही, कात्री पुरली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. मर्यादेमुळे वेग कमी होतो, पण कापलेला शेवट शोधायची सवय काही लागत नाही.

खेळ कशासाठी?

'खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका' हे वाक्य वर्गात म्हटलं की सगळी मुलं माना डोलावतात. कारण त्या क्षणी हातात मेसेज नसतो, घाई नसते आणि 'तू पाठवला नाहीस का अजून?' म्हणणारी मावशीही नसते. खेळात हे सगळं आणता येतं. मुलाला निर्णय घ्यावा लागतो, तो चुकतो, परिणाम लगेच दिसतो आणि कोणाचं नुकसान होत नाही.

या विचाराचं मूळ १९६०च्या दशकात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी तेव्हा मांडलं की फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच दिली, तर माणूस पुढच्या मोठ्या फसवणुकीला तोंड देऊ शकतो. लसीचंच तत्त्व, फक्त मनासाठी. याच पायावर केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या ड्रॉग या गटाबरोबर 'बॅड न्यूज' हा ब्राउझरमध्ये चालणारा मोफत खेळ केला आणि २०१८ मध्ये तो खुला झाला.

बॅड न्यूजमध्ये खेळणारा खोट्या बातम्या पसरवणाऱ्याच्या जागी बसतो. पडद्यावर दोन मोजमापं असतात: अनुयायी किती आणि विश्वासार्हता किती. धडधडीत खोटं बोललात की विश्वासार्हता घसरते आणि खेळ संपतो. म्हणजे पचेल एवढंच खोटं बोलावं लागतं. साधारण १५ ते २० मिनिटांत सहा बिल्ले मिळवायचे आणि प्रत्येक बिल्ला म्हणजे एक युक्ती. खान्देशी वेशात त्या सहाही लगेच ओळखू येतात. जिल्हाधिकारी कार्यालयाचं बोधचिन्ह डकवून शाळांना सुट्टीचं पत्र काढणं हे सोंग घेणं. 'तुमच्या लेकरांना जपा' म्हणत भीती पेटवणं ही भावनेची युक्ती. केळीच्या भावाची साधी तक्रार 'शेतकरी विरुद्ध व्यापारी' अशी फुगवणं म्हणजे फूट पाडणं. 'हे टीव्हीवाले मुद्दाम दाखवत नाहीत' हे कटाचं कथानक. शंका घेणाऱ्यालाच 'याला पैसे मिळालेत' म्हणणं ही बदनामी. आणि एकाच माणसानं दहा नावांनी उचकवत राहणं म्हणजे ट्रोलिंग.

स्वतः एकदा युक्ती वापरली की ती दुसऱ्याच्या हातात दिसते, ही यामागची कल्पना आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १५,००० खेळाडूंच्या आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांची तुलना होती. खेळल्यावर खोट्या मजकुरावरचा त्यांचा विश्वास कमी झालेला दिसला.

पुढचं संशोधन जास्त महत्त्वाचं आहे आणि शिक्षकांपर्यंत ते क्वचित पोहोचतं. एक, परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, मधे उजळणी झाली तर टिकतो. दोन, २०२३ मध्ये काही संशोधकांनी जुन्या अभ्यासांची आकडेवारी पुन्हा तपासली. अशा खेळांनंतर खरं-खोटं वेगळं करण्याची क्षमता फारशी वाढलेली नव्हती. लोक सगळ्यालाच जास्त वेळा 'खोटं' म्हणू लागले होते, खऱ्या बातमीलाही. तीन, उत्तर भारतातल्या लोकांसाठी व्हॉट्सॲपच्या धर्तीवर बनवलेल्या अशाच खेळाची चाचणी झाली, तिचे निष्कर्षही २०२३ मध्येच आले आणि तिथं लक्षणीय परिणाम दिसला नाही.

यावरून खेळ टाकून द्यावा असं आमचं मत नाही. पण बाहेरचा खेळ उचलून वर्गात लावला आणि काम झालं, असं होत नाही. दुसरा निष्कर्ष तर तापीकाठी धोक्याचा आहे. प्रत्येक मेसेजला 'फेक असेल' म्हणायची सवय लागलेलं मूल धरणाचा खरा इशाराही उडवून लावेल.

स्वतःचा खेळ, कागदावरचा

म्हणून आधी कागदी खेळ करा. त्याला फोन लागत नाही, वीज लागत नाही आणि अक्कलकुवा-धडगावच्या आश्रमशाळेतही तो चालतो.

पोस्टकार्डाएवढी २० कार्डं करा, १० खऱ्या मेसेजची आणि १० खोट्या. प्रत्येक डावात पिसून १२ काढा. अशानं दर वेळी खऱ्या-खोट्याचं प्रमाण बदलतं आणि मुलांना 'सहा झाले, आता उरलेले खरे' असा हिशेब करता येत नाही. चार जणांचा गट हवा. पाचवा मुलगा गटात आला की तो बघ्या होतो.

प्रत्येक गटाला १२ कार्डांसाठी मिळून २० 'मिनिटं' द्या, म्हणजे २० चिंचोके. कार्डाच्या मागे कागदाच्या तीन घड्या चिकटवा. पहिली घडी उघडायला १ चिंचोका: मेसेज कोणी पाठवला. दुसरीला २: चित्र आधी कुठं आलं होतं. तिसरीला ३: अधिकृत ठिकाणी विचारलं तर काय उत्तर मिळालं. प्रत्येक कार्डाच्या तिन्ही घड्या उघडायच्या तर ७२ चिंचोके लागतील आणि हातात आहेत २०. म्हणजे कुठल्या मेसेजसाठी वेळ खर्चायचा, हेही ठरवावं लागतं. खऱ्या आयुष्यात कोणी प्रत्येक फॉरवर्ड तपासत बसत नाही. ज्यावरून कोणी घाबरेल, कोणाला मार बसेल किंवा कोणाचे पैसे जातील, असा मेसेज आधी तपासावा, हे मुलं इथं शिकतात.

आता गुण. खरा मेसेज पुढे पाठवला तर २. खोटा थांबवला तर २. खोटा पाठवला तर उणे ३. खरा थांबवला तरीही उणे ३. ही चौथी ओळ विसरलात तर तुम्ही संशय शिकवाल, पारख नाही. पडताळून बघा: सहा खरी आणि सहा खोटी कार्डं निघाली आणि एखाद्या गटानं डोळे मिटून सगळंच 'खोटं' म्हटलं, तर १२ वजा १८, म्हणजे उणे ६. सगळंच पुढे ढकलणाऱ्या गटालाही तेच उणे ६. 'नक्की माहीत नाही, थांबतो' हा पर्याय ठेवा, त्याला शून्य गुण, पण डावात तीनदाच. मर्यादा नसेल तर हुशार गट पूर्ण डाव त्यावरच काढतो.

घड्याळ लावू नका. पटपट उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, ही प्रश्नमंजुषेची रीत इथं उलटी पडते. घाईनं पाठवणं मोडायचं आणि घाईलाच बक्षीस द्यायचं, हे जुळत नाही.

एक नमुना कार्ड जवळून पाहू. समोरच्या बाजूला पुराचं चित्र आणि मजकूर: 'ब्रेकिंग! हतनूरचे सगळे दरवाजे उघडले, पूल पाण्याखाली, लगेच सगळ्या ग्रुपवर टाका.' पहिली घडी: 'मामांनी पाठवला, त्यांना दुसऱ्या ग्रुपवरून आला, वर दोन बाणांची, म्हणजे पुष्कळदा फॉरवर्ड झाल्याची, खूण आहे.' दुसरी घडी: 'हेच चित्र तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत होतं.' तिसरी: 'जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष म्हणतो, आज ८ दरवाजे अर्धा मीटर उघडे आहेत, पूल सुरू आहे.' आता त्याचं जुळं कार्ड: 'हतनूर धरणाचे १२ दरवाजे १ मीटरने उघडण्यात आले असून नदीकाठच्या ग्रामस्थांनी जनावरे व साहित्य सुरक्षित स्थळी हलवावे.' भाषा रुक्ष आहे, उद्गारचिन्ह नाही, चित्र नाही. पहिल्या डावात मुलं हे दुसरं कार्ड हमखास थांबवतात. 'बोअर आहे' एवढंच कारण असतं. त्या उणे ३ वर वर्गात जी चर्चा होते, ती भाषणानं होणार नाही.

पण इथं एक खाच आहे. सगळी खोटी कार्डं आरडाओरड करणारी आणि सगळी खरी सरकारी भाषेतली झाली, तर मुलं फक्त सूर ओळखायला शिकतात. म्हणून १० खऱ्यांपैकी निदान तीन भडक असू द्या. केळीच्या बागेत बिबट्या दिसल्याचा मेसेज यावल-रावेर पट्ट्यात खराही असू शकतो. आणि १० खोट्यांपैकी तीन शांत, सही-शिक्क्याची असू द्या. सुट्टीचं बनावट पत्र तिथं उत्तम बसतं.

जोड्या लावून केलेली कार्डं सगळ्यात जास्त शिकवतात. नवापूरचंच घ्या. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू सापडला, भारतातली ती पहिली नोंद. ती बातमी शंभर टक्के खरी होती. २०२० च्या सुरुवातीला 'कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो' अशी अफवा पसरली, चिकनचे भाव कोसळले आणि पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. ती खोटी होती. पक्षी तोच, धंदाही तोच, पण एकदा बातमी खरी आणि एकदा खोटी. 'मागच्या वेळी असंच झालं होतं' हा पुरावा नव्हे, हे या जोडीतून मुलांना लगेच कळतं.

कार्डं करताना तीन पथ्यं. खोट्या कार्डावर कुठल्याही खऱ्या जातीचं, धर्माचं, समाजाचं किंवा गावातल्या माणसाचं नाव नको, राईनपाड्यानंतर तर नकोच. आजारावरचे खोटे उपाय नकोत, कारण उपाय लक्षात राहतो आणि 'खोटा' हा शेरा विसरतो. आणि प्रत्येक कार्डावर मजकुराच्या मधोमध आडवं 'खेळ' असं ठळक लिहा. कोपऱ्यात लिहिलंत तर फोटो काढताना कोपरा कापला जातो आणि तुमचंच कार्ड संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर अफवा बनून फिरतं. कराचीच्या चित्रफितीचं हेच झालं होतं.

खेळ संपल्यावरचा अर्धा तास

जोडतासिका घ्या, ७० मिनिटांची. नियमांना ५ मिनिटं, खेळायला २५, गुण मोजायला १० आणि उरलेला अर्धा तास बोलायला. वेळ कमी पडला तर कार्डं कमी करा, बोलणं कापू नका. उत्तर जाहीर करण्यापूर्वी प्रत्येक गटाचा निर्णय पाटीवर लिहून घ्या. नाहीतर 'आम्ही तेच म्हणणार होतो' सुरू होतं. शिक्षकानं खेळताना गटांत फिरू नये, मुलं कार्डापेक्षा सरांचा चेहरा वाचतात.

चर्चेत 'बरोबर-चूक' पेक्षा 'कुठली घडी उघडली आणि का' हे विचारा. पहिल्या घडीवर थांबलेले गट बहुतेक 'पाठवणारा माणूस चांगला आहे' म्हणून फसलेले असतात. मामा चांगलेच आहेत, पण त्यांनी तो मेसेज लिहिलेला नाही. पाठवणारा आणि लिहिणारा वेगळा, हा भेद इथं फळ्यावर लिहावा. आणि तो घरच्या बोलीत लिहावा. 'तुले कोनी धाडं?' हा प्रश्न अहिराणीत विचारला की मुलं तो घरीही विचारतात. 'स्रोत कोणता?' असा विचारला की तो शाळेतच राहतो.

शेवटची दहा मिनिटं खऱ्या फोनवर घालवा. व्हिडिओ थांबवून, चेहरा किंवा पाटी स्पष्ट दिसेल त्या जागी स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. पहिल्या निकालावर थांबू नका, सर्वांत जुनी तारीख शोधा. अनोळखी संकेतस्थळ असेल तर तेच वाचत बसण्यापेक्षा दुसरी टॅब उघडून त्या नावाबद्दल इतर काय म्हणतात ते पाहा. व्यावसायिक पडताळणी करणारे असंच आडवं वाचतात. केंद्र सरकारशी संबंधित दावा असेल तर पीआयबी फॅक्ट चेकवर, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या पडताळणी विभागात, शोधा.

मुलांना जे येतं, तेही वापरा

दिवसरात्र फोनवर बीजीएमआय नाहीतर फ्री फायर हे लढाईचे गेम खेळणाऱ्या मुलांना या विषयात शिक्षकांपेक्षा जास्त कळतं, अशी एक जागा आहे. युद्ध सुरू झालं की व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरतात. 'आर्मा ३' या खेळातली दृश्यं युक्रेन युद्धात फिरली आणि मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळीही. हा खेळ बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अशी दृश्यं ओळखायच्या खुणाच जाहीर केल्या: चित्र मुद्दाम धूसर केलेलं, कॅमेरा हलणारा, बहुधा रात्र, आवाज नाही, चालती-बोलती माणसं जवळपास नाहीत, धूर आणि स्फोटाचे कण अनैसर्गिक. कधी कधी तर कोपऱ्यात खेळाचे आकडेही राहून गेलेले असतात. माणसं का नाहीत, हे मुलांनाच विचारा. खेळातलं विमान हुबेहूब दिसतं, पण पळणारा माणूस लगेच ओळखू येतो, म्हणून तो वगळतात. वर्गात ज्याला 'मोबाईलमुळे वाया गेला' म्हणतात, तो मुलगा हे उत्तर सगळ्यात आधी देतो. त्या दिवशी त्यालाच फळ्यापाशी उभं करा.

मोठ्या मुलांसाठी, दहावीपुढच्या, लुकास पोप यांचा 'द रिपब्लिया टाइम्स' हा २०१२ चा छोटा, मोफत खेळ आहे. त्यात तुम्ही सरकारी वर्तमानपत्राचे संपादक असता. कुठली बातमी घ्यायची आणि पानावर ती किती मोठी छापायची, एवढंच हातात. एक अक्षर खोटं न लिहिताही वाचकाचं मत वळवता येतं, हे पंधरा मिनिटांत कळतं. इंग्रजी अडत असेल तर एका कोऱ्या पानावर आठ खऱ्या बातम्यांची कात्रणं द्या आणि दोन गटांना वेगवेगळं पहिलं पान लावायला सांगा.

फोनवर न्यायचा असेल तर

कागदावर खेळ दोन-तीन डाव नीट चालला, की मगच तो फोनवर न्या. त्यासाठी ट्वाइन हे मोफत साधन पुरतं, प्रोग्रामिंग यायला हवं असं नाही. प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन. दुहेरी चौकोनी कंसात शब्द लिहिला, उदाहरणार्थ [[पुढे पाठव]], की त्याची लिंक बनते आणि पुढचा चौकोन आपोआप तयार होतो. देवनागरी नीट चालते. एका कार्डाला पाच चौकोन लागतात: मेसेज, तीन घड्या, निकाल. १२ कार्डांचे ६०. पहिल्याच दिवशी ६० करू नका, तीन कार्डांचा खेळ करून मुलांच्या हातात द्या.

अडतं कुठं ते आधी सांगतो. ब्राउझरमधलं ट्वाइन तुमचं काम त्याच ब्राउझरमध्ये साठवतं. शाळेच्या संगणकावर कोणी ब्राउझरचा डेटा पुसला की सगळं गेलं, म्हणून रोज फाईल उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. चित्रं खेळाच्या फाईलमध्ये आपोआप जात नाहीत. नुसती फाईल पाठवलीत तर चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते, म्हणून सुरुवातीला फक्त मजकूर ठेवा. ट्वाइनच्या नेहमीच्या मांडणीत बाजूला मागे जाण्याचा बाण असतो. मुलं चूक झाली की तो दाबून निर्णय बदलतात, तेव्हा तो लपवा. आणि व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल काही फोनमध्ये भलत्याच ॲपमध्ये उघडते आणि बटणं चालत नाहीत. तिथं क्रोम निवडायला सांगा.

परिणाम ओसरतो, हे लक्षात ठेवून पहिल्या डावानंतर आठवड्यानं सहा कार्डांचा छोटा डाव घ्या, मग महिन्यानं आणखी एक, दर वेळी निम्मी कार्डं नवी. पूर आणि सुट्टीची पत्रं जून ते सप्टेंबर, कापूस आणि केळीच्या भावाचे मेसेज दिवाळीच्या पुढेमागे, परीक्षेच्या वेळापत्रकाची बनावट पत्रं फेब्रुवारीत. कार्डाच्या मागे कोपऱ्यात तयार केल्याचा महिना लिहून ठेवा. सहा महिन्यांपूर्वीचं 'खरं' कार्ड आज तपासल्याशिवाय पुन्हा डावात घेऊ नका, कारण तोवर भाव बदललेला असतो, दरवाजे बंद झालेले असतात आणि तुमचं खरं कार्डच जुन्या तारखेचा मेसेज झालेलं असतं.